दोघांत चार ताटल्या

कोरियन-अमेरिकन खाण्याच्या ठिकाणी मैत्रिणीबरोबर जायचं ठरलं, की एक गोष्ट दारातच बोलून घ्यावी. ‘तू तुझं मागव, मी माझं मागवते’ हा हिशोब तिथे मांडायचा नाही. कोरियन घरात भाताची वाटी आणि सुपाचा वाडगा ज्याचा त्याचा असतो, बाकी सगळं टेबलाच्या मधोमध. एका पदार्थात तूप-तेलाचा जडपणा, शेजारच्या वाटीत आंबट, तिसरीत करकरीत मुळा, चौथीत गोडसर तिखट. यातलं एकच काही पुढ्यात ओढून शेवटपर्यंत खात बसलं, की सहाव्या घासाला जीभ दमते आणि ‘बरं होतं, पण जरा जास्तच गोड’ असं म्हणत माणूस उठतो. दोष बहुतेक वेळा स्वयंपाकघराचा नसतो, मागवण्याचा असतो.

इथे बोलायचंय ते साध्या, गल्ल्यावर ऑर्डर देऊन टेबल धरायच्या जागेबद्दल. टेबलात शेगडी असलेलं कोरियन बार्बेक्यू वेगळं, पांढऱ्या चादरींचं महागडं रेस्टॉरंट वेगळं. लॉस एंजेलिसमध्ये या मधल्या प्रकारच्या जागा भरपूर आहेत. पत्र्याच्या ट्रेमध्ये कागद अंथरून टॅको (मक्याच्या छोट्या पोळीत, म्हणजे टॉर्टियात, मांस आणि पाला घालून दुमडलेले) येतात, तळलेलं चिकन येतं, किमची, म्हणजे मिरची लावून आंबवलेला कोबी, घातलेल्या फ्राईज येतात, भाताचे बोल येतात. दोघांसाठी हिशोब सोपा आहे: टॅकोंची एक ताटली (तीन किंवा चार), सहा विंग्ज, फ्राईज एक, आणि भाताचा किंवा टोफूचा एक बोल. चार ताटल्या, दोन माणसं. पाचवी मागवायचा मोह झाला, तर ती किमचीची असू दे. दुसरे टॅको नकोत.

अशी जागा लॉस एंजेलिसमध्येच का फोफावली, याला कारण आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि त्यानंतरच्या दशकांत कोरियाहून मोठ्या संख्येने कुटुंबं आली. ऑलिम्पिक बुलेवार्डच्या आजूबाजूला कोरियाटाउन उभं राहिलं. नाव कोरियाटाउन असलं तरी तिथे राहणाऱ्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली माणसं फार मोठ्या संख्येने आहेत, मेक्सिकोच्या वाहाका राज्यातले तर खूपच. कोरियन मालकाच्या हॉटेलात भांडी घासणारा, कांदा चिरणारा, ग्रिलवर उभा राहणारा माणूस बऱ्याचदा स्पॅनिश बोलणारा. २९ एप्रिल १९९२ ला जी दंगल पेटली, तिच्यात कोरियन मालकांच्या २,००० हून जास्त दुकानांचं नुकसान झालं. तरी हे शेजार टिकलं. गाल्बीचा, म्हणजे मुरवून भाजलेल्या बरगडीच्या मांसाचा, उरलेला तुकडा टॉर्टियात गुंडाळून खाणं मागच्या दारी कामगारांच्या जेवणात घडणारच होतं. ते पुढच्या दारी यायला मात्र २००८ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘कोगी’ नावाचा ट्रक शहरात फिरू लागला. मार्क मांगेरा आणि कॅरोलाइन शिन-मांगेरा यांच्याबरोबर स्वयंपाकाला रॉय चोय होते. जन्म सोलचा, वाढले दक्षिण कॅलिफोर्नियात, शिक्षण न्यूयॉर्कजवळच्या प्रसिद्ध पाकशाळेत. मंदीचे दिवस होते. टॅको विकणारे ट्रक त्या शहरात आधीपासून होतेच, पण हा ट्रक आज रात्री कुठल्या कोपऱ्यावर थांबणार ते ट्विटरवर कळवायचा आणि माणसं तास-तास रांगेत उभी राहायची. २०१० मध्ये ‘फूड अँड वाइन’ मासिकाने त्या वर्षीच्या उत्तम नव्या शेफांत चोय यांचं नाव घेतलं. हा मान ट्रकवाल्याला मिळणं तेव्हा नवलाचं होतं. या टॅकोच्या शेकडो नकला झाल्या. त्यांतल्या कितीतरी फसल्या, आणि त्या का फसल्या हे समजलं की चांगली जागा ओळखता येते.

टॅको पुढ्यात आला की आधी टॉर्टिया बघा. मक्याच्या, तळहाताएवढ्या, साधारण दहा सेंटीमीटरच्या दोन टॉर्टिया एकावर एक हव्यात. गाल्बीला रस सुटतो. एकच टॉर्टिया असेल तर तिसऱ्या घासाला ती खालून फाटते. दोन्ही तव्यावर थेंबभर तेलात भाजलेल्या असाव्यात, इतक्या की काठाला तपकिरी ठिपके दिसतील, पण दुमडल्यावर मोडणार नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली टॉर्टिया ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आलेली आणि डब्यात तासभर घाम फुटलेली, यांत जेवढा फरक, तेवढाच इथे.

मग मांस. ‘एलए गाल्बी’ (एलए म्हणजे लॉस एंजेलिस) हा शब्द सोलच्या बाजारातही चालतो. जुन्या कोरियन पद्धतीत बरगडीचं एकेक हाड वेगळं करून त्यावरचं मांस सुरीने उलगडत लांब पट्टी करतात. कसबी हाताचं काम. अमेरिकेत खाटकाच्या विजेच्या करवतीने बरगड्या आडव्या कापल्या जातात. जेमतेम आठ मिलिमीटर ते सेंटीमीटरभर जाडीची लांब पट्टी, आणि तिच्या एका कडेला हाडाच्या तीन-चार लंबगोल चकत्या. पातळ असल्यामुळे मुरायला वेळ कमी लागतो आणि तापलेल्या ग्रिलवर एका बाजूला दोन-तीन मिनिटांत काम होतं. करवतीमुळे हाडाचा भुगा मांसाला चिकटतो. तो गार पाण्यात अर्धा तास भिजवून, दोनदा पाणी बदलून काढावा लागतो. ही पायरी गाळली तर दाताखाली कचकच येते, आणि ती कचकच आली की समजावं, मागे घाई आहे.

मुरवणाचं प्रमाण घरी करून बघण्याजोगं आहे. किलोभर पट्ट्यांना अर्धा कप सोया सॉस, पाव कप ब्राउन शुगर, अर्धं आशियाई नासपती किसून, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, दोन मोठे चमचे तिळाचं भाजकं तेल, मिरपूड, पातीचा कांदा. नासपतीचं काम गोडीपुरतं नाही. त्यातलं विकर (एन्झाइम) मांसाचे धागे सैल करतं. नासपती मिळालं नाही म्हणून लोक किवी किंवा अननस घालतात, आणि इथे घात होतो. या दोन्ही फळांतली विकरं फार जोरकस. किलोला एक चमचा किवीचा गर आणि जास्तीत जास्त दोन तास, एवढंच. रात्रभर ठेवलं तर सकाळी मांसाचा पिठलं-लगदा झालेला असतो, आणि तो कितीही तापलेल्या तव्यावर टाकला तरी परत मांस होत नाही. नासपतीबरोबर मात्र चार ते बारा तास निवांत.

दुसरा घात तव्यावरचा. साखर घातलेलं मुरवण तव्यावर पडलं की लगेच रंग धरतं, आणि कडवट व्हायलाही वेळ लावत नाही. म्हणून घाबरलेला स्वयंपाकी आच कमी करतो, वर तवा भरून मांस टाकतो. पाणी सुटतं, मांस त्या पाण्यात शिजतं, करडं होतं, आणि टॅकोत येतो तो गोड सोया सॉसमध्ये उकडलेला तुकडा. तवा कडक तापलेला, मांस निथळून घेतलेलं, आणि एका वेळी थोडंच: तिन्ही गोष्टी लागतात. काठांवर काळपट खमंग चट्टे दिसले तर त्या स्वयंपाक्याचा हात बसलेला आहे.

वरचा पाला ही सजावट समजू नका. बारीक चिरलेला कोबी आणि लेट्यूस, सोया, व्हिनेगर आणि कोरियन मिरचीच्या पातळ सॉसमध्ये अगदी आयत्या वेळी कालवलेला. शिवाय कांदा, कोथिंबीर, लिंबाचा रस. गाल्बी गोड आणि चरबीदार आहे. तिला कापणारं आंबट वरून आलं नाही, तर दुसऱ्या टॅकोलाच तोंड विटतं. पाला आधीपासून कालवून ठेवला असेल तर मिठाने पाणी सुटून मऊ पडतो आणि टॉर्टिया खालीवर दोन्हीकडून भिजते. गोमांस न खाणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. तेच मुरवण कोंबडीच्या मांडीला दोन-तीन तास दिलं तर झकास लागतं, आणि बहुतेक ठिकाणी चिकन, तिखट पोर्क आणि टोफूचे टॅको असतातच.

पण अशा जागेची खरी परीक्षा टॅकोत होत नाही. ती होते किमचीत. मी तर म्हणेन, आधी वाटीभर किमची मागवा, एकच फोड तोंडात टाका, आणि मग बाकीची ऑर्डर ठरवा.

किमची म्हणजे कोबीचं लोणचं असं सांगून मोकळं होता येतं, पण लोणच्याशी तिचं नातं मुरण्यापुरतं. आपलं कैरीचं लोणचं मीठ, तेल आणि मोहरीच्या जोरावर टिकतं. किमची टिकते ती तिच्यात वाढणाऱ्या लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंवर. या बाबतीत ती इडलीच्या पिठाच्या जास्त जवळची. लांबट नापा कोबी उभा चिरून पानापानांत जाडं मीठ भरतात. दोन किलो कोबीला साधारण दोनशे ग्रॅम, आणि पाच-सहा तास. मीठ पुरेसं लागलं की नाही ते जिभेने कळत नाही. पानाचा बुडाकडचा जाड पांढरा दांडा वाकवून बघायचा. कट्‌कन मोडला तर अजून वेळ आहे, रबरासारखा दुमडला तर झालं. मग तीन पाण्यांनी धुऊन, चाळणीवर पालथा घालून तास-दोन तास निथळायचा. हा निथळण्याचा वेळ वाचवला की मसाला पातळ होतो, खाली पाणी साचतं, आणि किमची मुरण्याऐवजी बेचव, मऊ होते.

मसाल्यात चिकट तांदळाच्या पिठाची पातळ खीर (कपभर पाण्याला दीड चमचा पीठ), कोचुगारू म्हणजे कोरियन मिरचीची जाडसर भरड ऐंशी-शंभर ग्रॅम, लसूण, आलं, मुळ्याच्या काड्या, कांद्याची पात, माशांचा सॉस आणि मीठ घालून आंबवलेली बारीक कोळंबी. ही कोळंबी डोळ्यांनी बघितली तर कोकणातला माणूस लगेच म्हणेल, हा तर आपला जवळा! वाळवायच्या ऐवजी मिठात मुरवलेला, एवढंच. खिरीचं काम दुहेरी: मसाला पानाला चिकटतो आणि जिवाणूंना खाणं मिळतं. बाहेर वीसेक अंशांवर एक-दोन दिवस, मग फ्रीजमध्ये. मुंबईच्या उन्हाळ्यात हेच काम आठ-दहा तासांत उरकतं, म्हणून भारतात करून बघणाऱ्यांची पहिली किमची बहुधा जास्त आंबते. नोव्हेंबरच्या थंडीत सगळं घर, शेजारपाजार मिळून हिवाळ्याची किमची घालतात त्याला किमजांग म्हणतात. युनेस्कोने २०१३ मध्ये हा प्रघात मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अंगणात वाळवणं घालायला चार घरच्या बायका जमत, तोच प्रकार, फक्त उन्हाऐवजी थंडी.

मुख्य मुद्दा वयाचा. दोन दिवसांची किमची ताजी, करकरीत, कच्च्या लसणाच्या झणक्याची. ती भाताशेजारी वाटीत शोभते. दोन-तीन आठवड्यांची पुरती आंबलेली, तिला जिभेवर हलकी चुरचुर असते. तिसरी कित्येक महिन्यांची, काही ठिकाणी वर्षाहून जुनी, पार आंबट आणि मऊ. ती तशीच खायची नसते, तिला चरबी लागते. डुकराच्या चरबीत, लोण्यात, चीजखाली. कोरियन गृहिणीला हे सांगावं लागत नाही. फ्यूजनच्या नावाखाली दुकान काढणाऱ्याला मात्र बऱ्याचदा हे ठाऊक नसतं. तो डब्यातली ताजी किमची सगळीकडे सारखीच टाकतो, आणि मग चीजबरोबर कच्च्या कोबीचा करकराट लागतो. चीजला आंबट हवं असतं. आंबट किमची लोण्यावर परतली की तिची धार जाते आणि खाली गोडी उरते. अमेरिकन चीज आणि कोरियन किमची यांचं जमतं ते याच एका जागी, आणि जिथे ते जमलेलं नाही तिथे पाटीवर काहीही लिहिलेलं असो, जेवण दोन देशांचं वेगवेगळंच राहतं.

फ्राईजमध्ये हे एका घासात कळतं. बरोबर केलेल्या फ्राईजसाठी कपभर आंबट किमची मुठीत पिळून घेतात (तो रस फेकत नाहीत, सुपात जातो), चिरून चमचाभर लोण्यात आणि चमचाभर साखरेत आठ-दहा मिनिटं मध्यम आचेवर परततात, काठ तपकिरी होईपर्यंत. मग फ्राईजवर चीज, चीजवर किमची, वर कोचुजांग (मिरचीची आंबवलेली दाट चटणी) घातलेल्या मेयोनीजची बारीक धार, तीळ, पात. क्रम महत्त्वाचा. चीज आधी गेलं की फ्राईज आणि किमचीच्या मध्ये एक थर तयार होतो आणि ओल खाली उतरत नाही. न पिळलेली किमची थेट बटाट्यावर टाकली, तर ताटली टेबलावर येईपर्यंत मधला ढीग भिजून बसलेला असतो. उत्तम केलेल्या फ्राईजनाही सात-आठ मिनिटांचंच आयुष्य. म्हणून चारही ताटल्या एकदम आल्या, तर गप्पा बाजूला ठेवून आधी फ्राईज संपवा. भात थांबतो.

आता शाकाहारी मैत्रिणीचं काय? हा प्रश्न आपल्या लोकांत हमखास येतो. लॉस एंजेलिसजवळच्या आर्टेशियाच्या पायोनियर बुलेवार्डवर डाळ-पोहे घ्यायला येणारी मराठी घरं शेजारच्या सेरिटोसमध्ये कोरियन पाट्या रोज बघतात, आणि आत जायला कचरतात ते याच कारणाने. ‘व्हेज आहे का?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं आणि ते खोटंही नसतं, कारण विचारणाऱ्याला मांसाचे तुकडे नकोत असं समजून ते दिलेलं असतं. विचारायचं नेमकं: किमचीत माशांचा सॉस किंवा कोळंबी आहे का? सूप कशाच्या पाण्यावर आहे, अँचोव्ही या छोट्या माशांच्या की बीफच्या? फ्राईज आणि चिकन एकाच तेलात तळता का? तोकबोकी, म्हणजे तांदळाच्या नळकांड्यांची तिखट भाजी, दिसायला अगदी शाकाहारी, पण तिचं पाणी बहुधा सुक्या अँचोव्हीचं आणि आत माशाच्या वड्यांच्या पट्ट्या. सुंदुबू हा मऊ टोफूचा रस्साही तसाच. चापचे, म्हणजे रताळ्याच्या पिठाच्या शेवया, मुळात भाज्यांच्या, पण त्यात बीफच्या कातळ्या घालायची रीत आहे. साधं कोचुजांग मिरची, चिकट तांदूळ, सोयाबीनचं आंबवण, सातू आणि मीठ यांचं असतं, त्याला सहसा हरकत नाही. काही तयार प्रकारांत बीफ घातलेलं असतं, म्हणून तेही विचारलेलं बरं.

शाकाहारी माणसाचा खरा आधार बिबिंबाप, म्हणजे वर भाज्या घालून कालवायचा भात. दगडी भांड्यातला मिळत असेल तर तोच घ्यावा. भांडं धगधगतं येतं, तळाला तिळाचं तेल, वर भात, भाज्या, अंडं (नको असेल तर आधी सांगावं). बहुतेक जण आल्याआल्या कालवायला घेतात आणि तिथेच चुकतात. चमच्याच्या पाठीने भात हलका दाबून तीन-चार मिनिटं हात आवरायचा. तळाशी चुर्र आवाज येत राहतो, तो मंदावला की कालवायला घ्यायचं, चॉपस्टिक्सने नव्हे, चमच्याने, तळ खरवडत. ती सोनेरी खरवड म्हणजे या पदार्थाचा जीव. घरी भाताच्या पातेल्याची खरवड कोणाच्या वाट्याला यायची यावरून जशी भांडणं होतात, तशी इथेही होऊ शकतात. अर्धी अर्धी वाटून घ्यावी. कोचुजांग आधी चमचाभरच. ते आपल्याला तिखट लागत नाही, पण गोड आणि खारट आहे. जास्त झालं तर भाज्यांची चवच झाकून टाकतं.

टोफूचा टॅको मागवलात तर बघा, आतला टोफू घट्ट आहे का. दाबून, अर्धा तास पाणी काढून, स्टार्चमध्ये घोळवून तळलेला असेल तर काठ कुरकुरीत राहतो. नुसताच सॉसमध्ये बुडवलेला मऊ टोफू टॉर्टियात टिकत नाही.

मिरचीबद्दल एक जाता जाता. ती कोरियाला अगदी सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत माहीत नव्हती, आणि गोव्यालाही पोर्तुगीज जहाजं येईपर्यंत माहीत नव्हती. दोन्हीकडची पाहुणी, आणि दोन्हीकडे आज तिच्याशिवाय स्वयंपाक उभा राहत नाही. कोचुगारू जवळच्या कोरियन दुकानात नाही मिळालं, तर ब्याडगी मिरची बिया काढून जाडसर भरडून वापरा. रंग येतो, तिखटपणा आटोक्यात राहतो. लवंगी मिरची वापरली तर किमची लालही होत नाही आणि खाववतही नाही.

चिकनकडे यायला उशीर केला, पण दोघांच्या टेबलावर झटपट संपतं ते हेच. कोरियन तळणीची ओळख म्हणजे पातळ, काचेसारखं कवच. अमेरिकन पद्धतीत ताक, मैदा, जाड खवल्यांचं आवरण; कोरियन पद्धतीत बटाट्याचं किंवा मक्याचं स्टार्च, तेही पुरतं झटकून. किलोभर विंग्जना पाऊण कप स्टार्च पुष्कळ होतं. मग दोनदा तळणं. पहिल्यांदा १६५ अंश सेल्सियसला साधारण दहा मिनिटं, आतून शिजण्यासाठी. बाहेर काढून जाळीवर पाच-दहा मिनिटं विश्रांती. या वेळात आतली वाफ कवचापर्यंत येते आणि ते मऊ पडतं. मग १९० अंशांना दोन-तीन मिनिटं, आणि कवचात आलेलं पाणी उडून जातं. विश्रांती न देता दुसऱ्यांदा टाकलं तर आतलं पाणी आतच राहतं आणि टेबलावर आल्यावर कवच घामेजतं. अनारसे किंवा चकली काढायची घाई केली की संध्याकाळी ती जशी मऊ पडते, तसंच हे.

सॉसचं गणितही पाण्याचंच. दोन चमचे कोचुजांग, दोन चमचे केचप, तीन चमचे मध किंवा कॉर्न सिरप, चमचाभर सोया, ठेचलेला लसूण, थोडं व्हिनेगर; मोठमोठे चिकट बुडबुडे येईपर्यंत आटवायचं आणि गरम विंग्ज त्यात अर्धा मिनिट घोळवायच्या. पातळ सॉस कवच भिजवतो, दाट सॉस त्यावर लकाकी देऊन बसतो. अर्ध्या विंग्ज सॉसमध्ये, अर्ध्या नुसत्या असं मागता येतं; अर्धं-अर्धं मागणं कोरियातही नेहमीचं आहे, कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही. सोबत पांढऱ्या मुळ्याच्या दोन सेंटीमीटरच्या गोडसर आंबट फोडी यायलाच हव्यात. व्हिनेगर, साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन रात्रभर मुरवलेल्या. त्या आल्या नाहीत तर मागून घ्या. चार विंग्जनंतर जिभेला पुन्हा ताळ्यावर आणायचं काम त्यांचंच.

यादीत बुदे-जिगे दिसलं आणि दोघांपैकी कोणी पथ्यावर नसेल, तर त्या पदार्थासाठी पुन्हा एकदा यावं. त्या दिवशी दुसरं काही मागवू नये. नावाचा अर्थ ‘सैन्यतळाचा रस्सा’. कोरियन युद्धानंतरच्या उपासमारीच्या काळात अमेरिकन तळांवरून बाहेर येणारे स्पॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, डबे, सॉसेज, शिजवलेल्या घेवड्याचे डबे यांना किमची आणि मिरचीच्या रश्श्यात घालून लोकांनी पोट भरलं. सोलच्या उत्तरेचं उइजोंगबू या रश्श्यासाठी आजही ओळखलं जातं. कोरियन आणि अमेरिकन खाणं एका भांड्यात आलं ते आधी असं, भुकेतून, कुठल्याही शेफच्या कल्पनेतून नव्हे. हे ठाऊक असलं की त्यावर टाकलेली पिवळी चीजची चकती बघून नाक मुरडावंसं वाटत नाही. तिचं तिथे कामही आहे: त्या चकतीत पायसीकारक (चरबी आणि पाणी एकत्र धरणारे) क्षार असल्यामुळे ती उकळत्या रश्श्यात न फुटता विरघळते आणि खारट-तिखटाला साय आणते. चांगलं जुनं चेडर घातलं तर तेल वेगळं आणि गोळा वेगळा. आपल्याकडच्या सँडविचवाल्याची चीजची चकतीही याच जातीची. नूडल्स शेवटच्या तीन-चार मिनिटांत टाकाव्यात. आधी टाकल्या तर सगळा रस्सा पिऊन फुगतात. जास्तीचा रस्सा मागितला तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

प्यायला अशा ठिकाणी सोजू ही कोरियन दारू असतेच, व्हिस्की बहुधा नसते. कॅलिफोर्नियात २४ टक्क्यांपर्यंतची सोजू बिअर-वाइनच्या साध्या परवान्यावर विकता येते, म्हणून छोट्या दुकानांत सगळी कॉकटेल्स सोजूचीच. ओतताना आपला पेला आपण भरायचा नाही, समोरच्याने भरायचा. वयाने मोठ्या माणसाला दोन्ही हातांनी. दोघी मैत्रिणी असल्या की हे सगळं सैल होतं, तरी एकमेकींचा पेला रिकामा दिसू न देणं छान वाटतं. बिलाचं म्हणाल तर यादीतल्या किमतीवर जवळपास दहा टक्के कर आणि टेबलावर वाढलं असेल तर १८ ते २० टक्के टीप धरा. कोरियात टीपची पद्धत नाही, अमेरिकेत वाढणाऱ्याचं घर तिच्यावर चालतं. किमची, मुळा या बानचानच्या वाट्या जुन्या कोरियन खाणावळीत फुकट आणि पुन्हापुन्हा भरून मिळतात; फ्यूजनच्या जागी त्यांचे पैसे पडतात. ते पडले तरी घ्याव्यात.

आणि उरलं तर बांधून घ्यावं, पण कसं ते सांगून. चिकनच्या डब्याचं झाकण उघडं ठेवायला सांगा, नाहीतर वाफेने कवच जातं. घरी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आठेक मिनिटं, मायक्रोवेव्ह अजिबात नको. फ्राईज बांधूच नयेत. किमची मात्र वाटीत चार फोडी असल्या तरी आणावी, रसासकट. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधला शिळा भात मोकळा करायचा, कढईत चमचाभर लोणी, त्यात चिरलेली किमची काठ तपकिरी होईपर्यंत, मग भात, शेवटी तो लाल रस कडेकडेने सोडून मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतायचं. मीठ घालायच्या आधी चाखून बघा, बहुतेक लागत नाही. फोडणीच्या भाताची सवय असलेल्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही.